एकाच डेस्कवर मुरताना : स्पेशलाइज्ड रिक्रूटमेंट फर्ममध्ये करिअर कसं वाढवावं

एमबीए एचआर झालेली, बी.फार्म करून लॅबला कंटाळलेली, मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन शिफ्टला वैतागलेली बरीच पोरं हल्ली छत्रपती संभाजीनगरातल्या रिक्रूटमेंट फर्ममध्ये लागतात. घरी कामाचं स्वरूप विचारलं की 'लोकांना नोकऱ्या लावतो' असं सांगून मोकळं व्हावं लागतं, आणि आठवड्याभरात शेजारचे काका पुतण्याचा बायोडेटा घेऊन दारात उभे राहतात. 'आमच्या बाळ्याचं बघ की जरा कुठं.' काकांना नाही म्हणणं अवघड असतं. पण स्पेशलाइज्ड फर्मचं काम उलट दिशेनं चालतं. कंपनीला अमुकच अनुभवाचा माणूस हवा असतो, तो फर्म शोधून देते आणि फी कंपनीकडून घेते. फर्मही सगळीच पदं भरत नाही. कुणी फक्त औषध कंपन्यांची, कुणी फक्त ऑटो कंपोनंटची, कुणी बियाणं आणि कृषी-निविष्ठांची पदं घेते. अशा एकेका क्षेत्राच्या कामाला धंद्यात 'डेस्क' म्हणतात.

मराठवाड्यात या धंद्याचं गणित मुंबई-पुण्यापेक्षा निराळं आहे, कारण इथलं वर्तुळ लहान आहे. वाळूजच्या एका प्रेस शॉपमधला इंजिनिअर दुसऱ्या प्रेस शॉपमधल्या निम्म्या लोकांना ओळखतो. आज ज्याचा सीव्ही तुम्ही पाठवता तो सात-आठ वर्षांत त्याच पट्ट्यात प्लांट हेड होतो आणि पोझिशन देणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. त्या वेळी त्याला तुमचं नाव कसं आठवतं, यावर इथलं करिअर ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीला धरून आहेत.

रुजू होण्याआधी : फर्मची मुलाखत तुम्ही घ्या

पहिला प्रश्न : पैसे कोण देतं? उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन, फाइल चार्ज, 'पहिला पगार' अशा नावाखाली काही घेतलं जात असेल तर तिथे थांबू नका. आखाती देशांत माणसं पाठवणारी फर्म असेल तर १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टखाली तिची नोंदणी आहे का, ते बघा. परदेशातल्या नोकरीसाठी उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायलाही कायद्याची मर्यादा आहे, ३० हजार रुपये अधिक जीएसटी. नांदेड-परभणीकडच्या पोरांकडून यापेक्षा किती तरी जास्त उकळणारे एजंट सापडतात. अशा ठिकाणी वर्षभर काम केलं तरी तो अनुभव चांगल्या फर्ममध्ये उणाच धरला जातो.

दुसरा प्रश्न : काम कसं वाटून दिलेलं आहे? काही ठिकाणी एकच माणूस क्लायंट आणतो, उमेदवार शोधतो आणि बिल वसूल होईपर्यंत पाठपुरावा करतो. काही ठिकाणी क्लायंट सांभाळणारे वेगळे आणि शोधणारे वेगळे असतात. नवख्यासाठी दुसरी पद्धत बरी, पण दोन वर्षांनी क्लायंटशी बोलायची संधी मिळणार का, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर तुम्ही कायम जॉब पोर्टल चाळत बसाल.

तिसरा, इन्सेंटिव्हचा. तो ऑफरवर मिळतो, जॉइनिंगवर मिळतो, की क्लायंटचे पैसे आल्यावर? बहुतेक ठिकाणी शेवटचंच उत्तर मिळेल आणि ते वाजवीही आहे. फक्त ते लेखी असावं, आणि मधल्या काळात तुम्ही फर्म सोडली तर त्याचं काय होणार, हेही त्यात असावं.

डेस्क निवडणं

हा निर्णय घाईत होतो. 'फार्माचा मुलगा गेलाय, तू फार्मा बघ,' असं सांगून टीम लीडर मोकळा होतो. शक्य असेल तर तुमच्या शिक्षणाशी किंवा तुमच्या गावाशी नातं असलेला डेस्क मागून घ्या.

ऑटो आणि इंजिनिअरिंग हा इथला सगळ्यात मोठा डेस्क. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची वसाहत उभी राहिली. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांची मुख्यालयं आजही याच शहरात आहेत. शेंद्र्याला स्कोडा आणि पर्किन्स आले, आणि आता बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत टोयोटा किर्लोस्कर, एथर, जेएसडब्ल्यू यांचे इलेक्ट्रिक वाहनांशी जोडलेले प्रकल्प जाहीर झाले आहेत. या डेस्कवर प्रेशर डाय कास्टिंग, प्रेस टूल, व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटिंग मशिन), पीपीएपी (सुट्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं), आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) हे शब्द रोज कानावर पडतात. डाय कास्टिंगचा (वितळलेला धातू साच्यात भरणारा) माणूस आणि फोर्जिंगचा (धातू ठोकून-दाबून घडवणारा) माणूस यांच्या सीव्हीत 'प्रॉडक्शन इंजिनिअर' हेच लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसऱ्याला पाठवलं की क्लायंट पुढचे सीव्ही उघडतच नाही.

फार्मा चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि पैठण रस्त्यावर चितेगावपर्यंत पसरलेलं आहे. इथे क्यूए (गुणवत्तेची हमी), क्यूसी (गुणवत्तेची तपासणी), आरए (सरकारी मंजुऱ्या) यांतला फरक पहिल्या आठवड्यातच पाठ हवा. एपीआयचा (औषधातला मूळ घटक बनवण्याचा) अनुभव आणि फॉर्म्युलेशनचा (तयार गोळ्या-औषधं बनवण्याचा) अनुभव सहसा एकमेकांच्या जागी चालत नाही. प्लांट यूएस एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाला, मान्य आहे की फक्त देशांतर्गत बाजारासाठी, यावर पगाराचा आकडा बदलतो. उमेदवाराला 'ऑडिट फेस केलं का?' एवढंच विचारू नका. ऑडिटमध्ये, म्हणजे प्लांटच्या तपासणीत, तो समोर बसून उत्तरं देत होता की मागच्या खोलीत कागद शोधून देत होता, ते विचारा. खरा अनुभव तिथेच कळतो.

जालन्याचे दोन डेस्क आहेत आणि दोन्हींकडे लक्ष कमी जातं. एक पोलादाचा : इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी), सीसीएम (वितळलेलं पोलाद सलग ओतणारं यंत्र), रोलिंग मिल. मेल्टर, रोलिंग फोरमन, रोल पास डिझाइन (रोलरवरच्या खाचांची आखणी) जाणणारा माणूस पोर्टलवर क्वचितच सापडतो. त्यातले अनेक जण बाहेरच्या राज्यांतले आणि ओळखीतून आलेले असतात, सीव्ही नसतोच. दुसरा बियाण्यांचा : बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. ब्रीडर (नवं वाण तयार करणारा), सीड प्रॉडक्शन ऑफिसर, ट्रायल्स बघणारा, ग्रो-आउट टेस्ट (पेरून बियाण्याची शुद्धता तपासणं) करणारा, असे ठरावीक हुद्दे आणि ठरावीक माणसं. शेतीच्या घरातल्या, बीएस्सी अ‍ॅग्री झालेल्या माणसाला इथे जी बढत आहे ती त्याला ऑटोमध्ये कधी मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. या डेस्कवर स्पर्धाही कमी आहे.

आयटीचा डेस्क इथे बसून चालवता येतो, पण क्लायंट पुणे-बंगळुरूचे असतात. तो चालवायचा असेल तर वर सांगितलेल्या लहान वर्तुळाचा फायदा सोडून द्यावा लागेल.

पहिलं वर्ष : नकाशा काढा

नवखा माणूस पोर्टलवर कीवर्ड टाकून वर आलेले सीव्ही पुढे ढकलतो. हे काम आता सॉफ्टवेअरही करतं, त्यामुळे त्याच्या जोरावर कुणाची बढती होत नाही. तुम्ही एक्सेलची एक शीट उघडा. आपल्या डेस्कच्या प्रत्येक कंपनीची एक ओळ : प्लांट कुठे, काय बनतं, ग्राहक कोण, माणसं साधारण किती, शिफ्ट कशा, बस कुठून कुठपर्यंत, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. मग विभागवार नावं : हेड कोण, त्याच्या हाताखाली कोण, कोण कधी आलं, कोण कुठून आलं. प्रत्येक फोननंतर दोन रकाने भरत जा. वर्षाअखेर ही शीट तुमच्या फर्मच्या डेटाबेसपेक्षा जास्त कामाची झालेली असेल.

शोधताना इथली एक अडचण लक्षात ठेवा. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण सीव्हीवर जुनं औरंगाबाद, नवं छत्रपती संभाजीनगर, नुसतं संभाजीनगर आणि त्यांची चार प्रकारची स्पेलिंगं सापडतात. सगळी टाकून शोधा. औरंगाबाद टाकलं की बिहारमधल्या औरंगाबादचे सीव्ही मिसळून येतात, ते वगळायची अट लावा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा ही नावंही स्वतंत्र टाका. बऱ्याच जणांनी पत्त्यात शहर लिहिलेलंच नसतं.

शॉपफ्लोअर डोळ्यांनी बघा. क्लायंटकडे गेलात की 'पाच मिनिटं लाइन बघू का?' असं विचारायला लाजू नका, बहुतेक जण हौसेनं फिरवतात. इंडो-जर्मन टूल रूम आणि सिपेट या दोन संस्था शहरातच आहेत. टूल आणि प्लास्टिकच्या डेस्कवर असाल तर तिथले अभ्यासक्रम आणि तिथून बाहेर पडलेल्या तुकड्या तुम्हाला ठाऊक हव्यात. मसिआ आणि सीएमआयए या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांना जात जा. तिथे लघुउद्योजक भेटतात. त्यांच्याकडे एचआर विभाग नसतो, मालकच निर्णय घेतो, आणि नवख्या कन्सल्टंटला पहिला क्लायंट बहुधा तिथेच मिळतो.

फोन

फार्माच्या उत्पादन विभागात मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे सकाळी अकराला केलेले दहा फोन वाया जातात. जेवणाची सुट्टी, शिफ्ट सुटल्यानंतर बसमधला वेळ, किंवा रात्री आठनंतर, तेही आधी मेसेज करून. बसमध्ये शेजारी त्याचाच सहकारी बसलेला असतो, म्हणून पहिलं वाक्य 'सर, आत्ता बोलता येईल का, की घरी पोचल्यावर करू?' एवढंच ठेवा. कंपनीचं नाव तो निवांत असल्याशिवाय घेऊ नका.

बोलताना पगार आणि नोटीस पिरियड तर विचारालच. त्यापलीकडे तीन गोष्टी विचारा. घर कुठे आहे? वाळूजला, बजाजनगरात राहणाऱ्याला शेंद्र्याची नोकरी म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडणं. तो 'हो' म्हणेल, पण पंधरा दिवसांनी त्याचं मन बदललेलं असेल. जालन्याला अप-डाऊन करायची तयारी आहे का, तेही आताच कळू द्या. दुसरं, आत्ताच्या कंपनीत किती वर्षं झाली? पाच वर्षं पुरी व्हायला तीन-चार महिने असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तो थांबणार, आणि त्याचं बरोबर आहे. तिसरं, सोडायचं का आहे? 'ग्रोथ' हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. साहेबाशी पटत नाही, बायकोची नोकरी पुण्यात आहे, आई-वडील गावी एकटे आहेत, अशी काहीतरी खरी गोष्ट खाली असते. शेवटी तीच त्याला रुजू करते किंवा थांबवते.

पुण्यातून परत यायला तयार असलेल्या लातूर, बीड, जालन्याकडच्या माणसांची वेगळी यादी ठेवा. चाकण-रांजणगावला आठ-दहा वर्षं काढलेला, गावाकडे शेत असलेला इंजिनिअर इथल्या कंपन्यांना हवाच असतो. पगार थोडा कमी मिळाला तरी तो येतो, मात्र मुलांच्या शाळेचं वर्ष संपल्यावर.

सीव्ही पुढे पाठवण्याआधी कंपनीचं नाव सांगून होकार घ्या, शक्यतो लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीचीच मागणी करतो. आणि विनासंमती पाठवलेला सीव्ही त्याच्याच साहेबाच्या मित्राच्या टेबलावर पडला तर काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

ऑफर ते जॉइनिंग : खरी परीक्षा

ऑफर लेटर निघालं की नवखा रिक्रूटर पेढे वाटतो आणि पुढच्या पोझिशनला लागतो. तिथून साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होतो. त्या काळात तुमचा उमेदवार आणखी चार ठिकाणी मुलाखती देणार आहे आणि त्याची जुनी कंपनी पगार वाढवून देणार आहे. फर्मची फी रुजू झाल्यावरच मिळते, त्यामुळे चांगला कन्सल्टंट आणि साधा कन्सल्टंट यांच्यातला फरक या तीन महिन्यांत दिसतो.

राजीनामा देण्याआधी त्याच्याशी बसून बोला. 'साहेब बोलवतील, पाच-सात हजार वाढवतो म्हणतील, मग काय सांगाल?' हा प्रश्न आधी तुम्ही विचारला तर तो तयारीनं जातो. नव्या ऑफरचा हातात येणारा पगार त्याच्यासोबत कागदावर मांडा. सीटीसीत, म्हणजे कंपनी माणसावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफ वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) हे सगळं धरलेलं असतं. पहिला पगार हातात आल्यावर धक्का बसलेला माणूस तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवतो, चुकीच्या कारणानं.

राजीनामा स्वीकारल्याचा मेल पाठवायला सांगा. त्यानंतर दर आठवड्याला एक साधा फोन करा, कामापुरता नव्हे, सहज. चौथ्या-पाचव्या आठवड्यात फोन उचलणं कमी झालं की समजा काहीतरी शिजतंय. लगेच प्रत्यक्ष भेटा, चहा पाजा. घरच्यांचा कल जाणून घ्या. इकडे निर्णय एकट्या माणसाचा नसतो, सासऱ्यांनी 'मोठी कंपनी सोडून छोट्यात कशाला?' म्हटलं की ऑफर गेली. अशा वेळी नव्या कंपनीच्या विभागप्रमुखाशी त्याचा एक फोन जुळवून द्या. तुमच्या दहा फोनांपेक्षा तो जास्त कामाचा असतो.

मोसमही ओळखा. दिवाळीचा बोनस आणि एप्रिलची वेतनवाढ हातात पडल्याशिवाय लोक हलत नाहीत. बियाणं कंपन्यांत खरिपाच्या विक्रीच्या दिवसांत सेल्सचा माणूस सुटत नाही. फार्मात ऑडिट तोंडावर असेल तर क्यूएच्या माणसाला सोडत नाहीत. क्लायंटला जॉइनिंगची तारीख सांगताना हे धरूनच सांगा. खोटी लवकरची तारीख देऊन मिळवलेली पोझिशन पुढे तुमच्याच गळ्यात पडते.

आपले आकडे आपण ठेवा

रूढ फी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. अवघड किंवा वरच्या पदांना ती वाढते. १२ लाखांच्या पदावर ९९,९६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. बहुतेक फर्म कन्सल्टंटकडून त्याच्या पगाराच्या तिपटीच्या आसपास बिलिंगची अपेक्षा धरतात. तुमचा पगार महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख असेल तर ९ लाखांचं बिलिंग हवं. १२ लाखांची पदं भरलीत तर वर्षाला नऊ जॉइनिंग पुरतात. ५ लाखांची भरलीत तर बावीस लागतात. वरच्या पदांकडे सरकण्याची घाई का करायची, ते या हिशोबात आहे.

दर महिन्याला चार आकडे लिहा : सीव्ही किती पाठवले, मुलाखती किती झाल्या, ऑफर किती, जॉइनिंग किती. सीव्ही भरपूर आणि मुलाखती कमी असतील तर पद तुम्हाला नीट समजलेलं नाही. मुलाखती भरपूर आणि ऑफर कमी असतील तर क्लायंटला काय हवं ते त्यालाच ठाऊक नाही, किंवा पगार बाजारापेक्षा कमी आहे. ऑफर होऊन जॉइनिंग होत नसेल तर मागचा भाग पुन्हा वाचा. पगारवाढ मागायला जाताना हे आकडे, वसूल झालेलं बिलिंग आणि रिप्लेसमेंटच्या मुदतीत (माणूस सोडून गेला तर फर्मनं दुसरा द्यायची मुदत), म्हणजे साधारण ६० ते ९० दिवसांत, किती जण सोडून गेले एवढं एका कागदावर घेऊन जा. 'मी खूप मेहनत करतो' हे वाक्य मालकानं त्या दिवशी आधीच दोनदा ऐकलेलं असतं.

क्लायंटसमोर बसायला लागल्यावर

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्लायंट हाताशी येतो. इथे पहिली सवय मोडायची ती 'हो सर, करतो सर'ची. सहा लाखांत यूएस ऑडिट दिलेला क्यूए मॅनेजर मागितला जात असेल तर बाजारात तो किती घेतो, कोणत्या प्लांटमध्ये असे किती जण आहेत, त्यातले किती हलण्यासारखे आहेत, हे तुमच्या नकाशावरून सांगा. मग पगार वाढवायचा की अनुभवाची अट खाली आणायची, हे त्यांना ठरवू द्या. असं दोनदा घडलं की एचआर पोझिशन काढण्याआधी तुम्हाला फोन करायला लागतो.

ज्या कंपनीचं काम घेतलंत तिची माणसं तुम्ही उचलायची नाहीत, ही अट करारात असते. नसली तरी पाळा. वाळूजमध्ये पाच मोठे क्लायंट धरले की निम्मा परिसर तुमच्यासाठी बंद होतो, म्हणून क्लायंटची संख्या वाढवण्याआधी माणसं कुठून आणणार याचा विचार करा. थोडे क्लायंट आणि त्यांची जास्त पदं, हे इथे बरं चालतं.

पुढे दोन वाटा, आणि तिसरी

चार-पाच वर्षांनी फर्म टीम लीडर व्हायला सांगते. सगळ्यांनी ते घ्यावं असं नाही. ज्याला स्वतः शोधण्यात, बोलण्यात मजा येते त्याला पोरांची हजेरी आणि टार्गेटं सांभाळताना कंटाळा येतो आणि त्याचं बिलिंगही घसरतं. अशा माणसानं वरच्या पदांच्या शोधाकडे वळावं. तिथे फी तीन टप्प्यांत मिळते आणि पहिला टप्पा काम सुरू होतानाच. त्यासाठी प्लांट हेड, युनिट हेड पातळीच्या माणसांशी बरोबरीनं बोलता आलं पाहिजे, त्यांच्या धंद्यातली बातमी आपल्याला आधी ठाऊक असली पाहिजे. ज्याला माणसं घडवायला आवडतात त्यानं टीम घ्यावी, पण इन्सेंटिव्ह स्वतःच्या बिलिंगवर की टीमच्या, हे आधी ठरवून घ्यावं. काही जण याच टप्प्यावर एखाद्या कंपनीच्या भरती विभागात जातात. पगार नियमित होतो, संध्याकाळ मोकळी होते. लग्न, घराचं कर्ज अशा वर्षांत हा निर्णय शहाणपणाचा ठरू शकतो.

तिसरी वाट स्वतःच्या फर्मची. आधी पैशाचं वेळापत्रक मांडा. पोझिशन मिळून ऑफर निघायला दीड-दोन महिने, नोटीस तीन महिने, रुजू झाल्यावर बिल, त्यानंतर क्रेडिटचे ३० ते ४५ दिवस. म्हणजे आज सुरू केलेल्या कामाचा पैसा सहा-सात महिन्यांनी खात्यात. तेवढ्या काळाचा घरखर्च आणि पोर्टलचे पैसे बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आधीच्या फर्मचे क्लायंट किती काळ घ्यायचे नाहीत, हे तुमच्या नेमणूकपत्रात असेल, ते पुन्हा वाचा. तिचा डेटाबेस पेन ड्राइव्हवर नेऊ नका. तुमच्या डोक्यातली ओळख पुरेशी आहे. पहिल्याच आठवड्यात उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि वसुलीचा फोन एचआरला न करता अकाउंट्सला करा.